रणनाद व पक्षिनाद

इतिहासकार बहुधा डोळ्यांचा माणूस असतो. तहनामे, नकाशे, शिलालेख, पडके तट यांवर त्याची सारी भिस्त. लढाईच्या दिवशीं लोकांच्या कानीं काय पडलें याची नोंद त्याच्या दप्तरांत क्वचितच सांपडते. एडिसनचें ध्वनिमुद्रणयंत्र १८७७ सालीं निघेपर्यंत तशी सोयहि नव्हती. पुढें विसाव्या शतकांत, सूरतालांचीं बंधनें सोडून आवाजांचीच रचना करणारी एक कला युरोपांत उदयास आली. तिला आपण ध्वनिकला म्हणूं. तिचा युद्धाशीं जडलेला संबंध मोठा चमत्कारिक आहे.

या कलेचा आरंभच मुळीं युद्धाच्या कौतुकानें झाला. लुईजी रूसोलो या इटालियन चित्रकारानें ११ मार्च १९१३ रोजीं ‘गोंगाटाची कला’ या नांवाचा जाहीरनामा लिहिला. यंत्रयुगांतील कानांना जुन्या वाद्यांचे मोजके सूर पुरत नाहींत, कारखान्यांचे व आगगाड्यांचे आवाज हेंच नवें संगीत, असें त्याचें प्रतिपादन. येथवर त्याच्याशीं भांडण्याचें कारण नाहीं. परंतु याच जाहीरनाम्यांत त्यानें आपला मित्र मारिनेत्ती याचें एक पत्र मोठ्या अभिमानानें उतरून घेतलें आहे, आणि त्यांत बाल्कन युद्धांतील एड्रियानोपलच्या वेढ्याचें, तोफांच्या भडिमाराचें, रसभरित वर्णन आहे. युद्ध हाच जगाला निर्मळ करणारा उपाय, असें मारिनेत्तीचा भविष्यवादी पंथ मानीत असे. रूसोलोनें गुरगुरणारीं, फुत्कारणारीं पेटीवजा वाद्यें स्वतः बनविलीं व १९१४ च्या एप्रिलांत मिलानमध्यें त्यांचा जलसा केला. श्रोत्यांनीं दंगल केली. पुढें तो आपखुषीनें रणांगणावर गेला आणि १९१७ सालीं त्याच्या डोक्याला गंभीर जखम झाली. ज्या आवाजांचे त्यानें गोडवे गाइले ते त्याला जवळून ऐकावयास मिळाले, एवढेंच येथें म्हणतों.

आतां इंग्लंडांतील एक बाग पाहूं. सरे परगण्यांत ऑक्स्टेडजवळ बिआट्रिस हॅरिसन या चेलोवादक बाई राहत. त्या सायंकाळीं बागेंत वाजवूं लागल्या कीं झुडपांतला नाइटिंगेल पक्षी त्यांना साथ देई. (फारसी काव्यांतला बुलबुल तो हाच, आपल्या अंगणांत येणारा तुरेवाला बुलबुल अगदीं निराळ्या कुळांतला.) १९ मे १९२४ च्या रात्रीं बी. बी. सी. नें ही जुगलबंदी त्या बागेंतूनच प्रक्षेपित केली, आणि लोकांना ती इतकी आवडली कीं पुढें दरसाल तो कार्यक्रम होऊं लागला. त्या पहिल्या रात्रीं गाइला तो खरोखर पक्षी कीं पक्ष्याची नक्कल करणारी कोणी कलावती, असा संशय २०२२ सालीं पुढें आला आहे. त्याचा निवाडा करण्याचें आम्हांस प्रयोजन नाहीं. आम्हांस सांगावयाची रात्र त्यानंतरची आहे.

ती १९ मे १९४२ ची. बाई तोंवर ती जागा सोडून गेल्या होत्या, पण रेडिओचे लोक ध्वनिग्राहक घेऊन त्याच बागेंत आले होते. पक्षी गात असतां दुरून घरघर ऐकूं येऊं लागली. जर्मनींतील मानहाइम शहरावर हल्ल्यास निघालेलीं १९७ विमानें वरून चाललीं होतीं. हा आवाज रेडिओवरून गेला तर शत्रु सावध होईल हें यंत्रज्ञाच्या तत्काळ ध्यानांत आलें. प्रक्षेपण तोडलें गेलें, मुद्रण मात्र चालूं राहिलें. तें आजहि ऐकतां येतें. घरघर वाढते, सारें आकाश व्यापते, हळूहळू ओसरते. पक्षी आपला गातच असतो. त्या विमानांपैकीं ११ परत आलीं नाहींत. मानहाइमच्या लोकांनीं त्या रात्रीं काय ऐकलें तें या मुद्रणांत नाहीं. कोणाहि कलावंतानें न योजलेलें हें मुद्रण आम्हांस रूसोलोच्या सर्व वाद्यांहून खरें वाटतें, कारण त्यांतला रणनाद कोणी सजविलेला नाहीं.

पोलंडच्या पेंडेरेत्स्कीनें १९६० सालीं ५२ तंतुवाद्यांसाठीं केलेली रचना सर्वांस ठाऊक आहे. तिचें आधींचें नांव केवळ तिचा कालावधि, ८ मिनिटें ३७ सेकंद, असें होतें. हिरोशिमाच्या बळींचें नांव तिला मागाहून मिळालें. याबद्दल तिला दोष देणारे आहेत. आम्ही देणार नाहीं. आक्रोश आधीं ऐकूं यावा आणि तो कोणाचा हें मागून उमगावें, असें कलेंत घडतें.

पुढचें संकट आलें तें मात्र आवाज न करतां. अमेरिकेंतील सिएरा नेवाडा पर्वतांत लिंकन मेडो नांवाचें एक कुरण आहे. निवडक झाडेंच तोडूं, रानाला धक्का लागणार नाहीं, अशी हमी तेथील लोकांस देण्यांत आली होती. बर्नी क्राउस या संगीतकारानें तोडीपूर्वीं, १९८८ सालीं, तेथील पहाटेचा पक्षिरव मुद्रित केला, आणि वर्षभरानें त्याच जागीं पुन्हा. छायाचित्रांत रान जसेंच्या तसें दिसे. मुद्रणांत ओढ्याचा खळखळाट आणि एका सुतारपक्ष्याची टकटक, एवढेंच उरलें होतें. तो पुढें अनेकदां तेथें गेला, पण पूर्वीचा गजर परतला नाहीं. त्याचें स्वतःचें घर २०१७ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील वणव्यांत जळालें.

आणि ऑक्स्टेडचा तो पक्षी? विमानांना न भ्यालेल्या या पक्ष्याची इंग्लंडांतील संख्या १९६० नंतरच्या सुमारें पन्नास वर्षांत दहांतील नऊ हिश्श्यांनीं घटली. दाट झुडपी राई कमी झाली, आणि हरणें माजून उरलेल्या राईतला खालचा पाला खाऊं लागलीं, हीं त्याचीं कांहीं कारणें. अलीकडे सॅम ली हा लोकगीतगायक वसंतांतल्या रात्रीं थोड्या श्रोत्यांस घेऊन ससेक्ससारख्या परगण्यांतील रानांत जातो. सारे काळोखांत बसतात, आणि पक्षी गाऊं लागला कीं तो त्याच्याबरोबर गातो.