चाकांवरचे घर आणि पानिपतचा गारठा

वाळवंटात कसली आलीय थंडी, असे म्हणून हसू नका मंडळी. २००९ च्या जानेवारीत रास अल खैमाच्या जेबेल जैस डोंगरावर चक्क बर्फ पडला होता! गेल्या जानेवारीत आम्ही ऊद मेथाहून मित्राचा कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडायचे चाकांवरचे घर, घेऊन तिथेच मुक्कामाला गेलो. सोबत मुले आणि आजी. पहाटे कडाक्याची थंडी आणि शेगडी पेटेना. डब्यात गॅस होता, पण तो ब्युटेन. शून्याच्या आसपास त्याची वाफच होत नाही. आम्ही सरळ डोंगर उतरलो आणि सुटलो.

उतरताना पानिपत आठवले. मार्च १७६० मध्ये पटदूरहून निघालेल्या सदाशिवरावभाऊंच्या फौजेमागेही एक संसार होता: बायका, यात्रेकरू, व्यापारी, नोकरचाकर. नोव्हेंबरपासून अब्दालीने दिल्लीची वाट अडवली. ऐन हिवाळ्यात धान्य संपले, सरपण संपले. रात्री सरपणासाठी छावणीबाहेर पडलेल्या हजारोंची कत्तल झाल्याचे काशीराज पंडिताने लिहून ठेवले आहे. नुसती फौज कदाचित निसटलीही असती. पण मागच्यांना कोणाच्या भरवशावर टाकणार? १४ जानेवारी १७६१ ला त्यांना सांभाळतच भाऊ बाहेर पडले.

त्या माणसांना आपण ‘बाजारबुणगे’ म्हणतो, पराभवाचे खापरही त्यांच्यावर फोडतो. मीही फोडत असे. शालीत कुडकुडणाऱ्या आजीला पाहिल्यापासून मात्र तो शब्द तोंडातून निघत नाही.