कचराकुंडीतला सेन्सर आणि बंगळूरुचा अनुभव

1898 मध्ये बंगळूरुत प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीच्या पेठांबाहेर बसवनगुडी व मल्लेश्वरम् ही उपनगरे आखली गेली. घरांच्या मागील बाजूने मैला व कचरा नेता यावा, म्हणून तेथे स्वतंत्र अरुंद गल्ल्या ठेवण्यात आल्या. नगररचनेत कचऱ्याचा इतका आधी विचार पुढे क्वचितच झाला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस प्रश्न न्यायालयात पोहोचला. बंगळूरुच्या अभियंत्या अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. तिच्यातून 2000 चे घनकचरा नियम आले. शहराने रस्त्यांवरील कुंड्या हटवून दारोदार संकलनाची वाट धरली. परंतु भरलेल्या गाड्या मावळ्ळीपुर, मंडूर अशा गावांकडेच जात राहिल्या. दुर्गंधी आणि दूषित पाणी सोसणाऱ्या ग्रामस्थांनी विरोध केला, 2012 मध्ये मावळ्ळीपुर बंद झाले आणि शहरात कचऱ्याचे ढीग साचले. 2014 च्या अखेरीस मंडूरही बंद झाले.

या पार्श्वभूमीवर, 2018 च्या सुमारास काही रस्त्यांवर सेन्सर असलेल्या भूमिगत कुंड्या आल्या. अशा कुंडीमागील तत्त्व साधे आहे. झाकणाखालील सेन्सर श्राव्यातीत ध्वनीचा स्पंद सोडतो व प्रतिध्वनीची वेळ मोजतो. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 340 मीटर, म्हणून 1.7 मीटर खोल रिकाम्या कुंडीतून प्रतिध्वनी 10 मिलिसेकंदांत परततो, अर्धी भरली की 5 मिलिसेकंदांत. हा आकडा बिनतारी जाळ्यातून नियंत्रण कक्षाला कळतो आणि गाडी भरलेल्या कुंडीकडेच धाडता येते. इंधन वाचते, फेऱ्या कमी होतात.

सामायिक कुंड्यांच्या युरोपीय शहरांत हा हिशेब चोख बसतो. बंगळूरुचे दुखणे मात्र निराळे होते. ओला व सुका कचरा एकत्र आला की खत होत नाही, कागद वाया जातो आणि सारे भरावभूमीकडे जाते. म्हणूनच कर्नाटक उच्च न्यायालयाने डिसेंबर 2015 मध्ये प्रत्येक घरासाठी हिरवी बादली, लाल बादली व एक पिशवी अशी व्यवस्था बंधनकारक केली. प्रतिध्वनी कुंडी किती भरली ते सांगतो, कशाने भरली ते नाही. शिवाय सामायिक कुंडीत मिश्र कचरा कोणी टाकला, हेही कळेनासे होते (कुंड्या हटवण्यामागे हेच तर कारण होते!).

त्यामानाने वाहनांवरील जीपीएस आणि गाडी ठरलेल्या ठिकाणी पोहोचली का, हे नोंदवणाऱ्या आरएफआयडी खुणा या शहराच्या पद्धतीला अधिक जवळच्या वाटतात. वर्गीकरणाचे काम तरीही माणसांच्याच हातांत राहिले. महापालिकेने 2011 पासून कचरावेचकांना ओळखपत्रे देण्यास आरंभ केला; प्रभागांतील सुक्या कचऱ्याच्या केंद्रांपैकी अनेक केंद्रे आज तेच चालवतात.