मालक परदेशात, बंगला तुमच्या ताब्यात: खर्चाचं काय?

मालक दुबईत, बंगला लोणावळ्यात. शनिवारी रात्री पाण्याची मोटर जळाली आणि घरात पाहुणे आहेत. मालक फोन उचलत नाही. पैसे कोणी द्यायचे?

मालकाच्या वतीने बुकिंग आणि भाडं सांभाळणारा माणूस भारतीय करार कायदा, 1872 नुसार त्याचा एजंट ठरतो. मालकाचं नुकसान टाळण्यासाठी तातडीचा, शहाणपणाचा खर्च त्याला करता येतो (कलम 189). तो जमा भाड्यातून कापूनही घेता येतो (कलम 217). मात्र मालकाने मागितला की हिशोब द्यावाच लागतो (कलम 213).

खरी भांडणं मोटरवरून कमीच. चादरी, गॅस सिलिंडर, माळ्याची मजुरी अशा बिनपावतीच्या खर्चांवरून जास्त. म्हणून न विचारता किती रुपयांपर्यंत खर्च चालेल, हे आधीच लिहून घ्या. बिलाचा फोटो त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. भाडं स्वतःच्या घरखर्चाच्या खात्यात घेऊ नका.