सतरा इंचांचा पूर्वपक्ष

जुनी स्पोर्ट्स कार घेतली की पहिला सल्ला मिळतो तो चाकांबद्दल. मूळची लहान चाके काढा, 17 इंची अलॉय बसवा. गाडी हलकी होईल, रस्ता घट्ट धरेल आणि झोकात दिसेल. यातला शेवटचा मुद्दा मी वादात ओढत नाही. आवडीनिवडीचे खंडन होत नसते. पहिले दोन मात्र मोजून पाहता येतात. त्यासाठी उदाहरण घेतो पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5चे. 1989 साली शिकागोच्या प्रदर्शनात आलेली, सुमारे 960 किलोंची ही दोन आसनी गाडी. तिला 14 इंची, साडेपाच इंच रुंद चाके आणि 185/60 मापाचे टायर होते.

पूर्वपक्षाला इतिहासाचा आधार आहे, हे आधी मान्य करू. बुगाटीने 1924 मध्ये लियाँच्या शर्यतीत टाइप 35 उतरवली ती अॅल्युमिनियमच्या ओतीव चाकांवर. साठीच्या दशकात ब्रिटनमध्ये मिनीसाठी मॅग्नेशियमची मिनिलाइट चाके आली, जर्मनीत पोर्श 911 एसला फुक्सची घडीव चाके मिळाली. तेव्हा तुलना होती स्टीलच्या नाहीतर तारांच्या चाकांशी, म्हणून ‘अलॉय म्हणजे हलके’ हे समीकरण रूढ झाले. एमएक्स-5ला ते जसेच्या तसे लावले की फसते. मिनिलाइटच्या वळणाची तिची सात आऱ्यांची मूळ चाके अलॉयचीच आहेत आणि एकेकाचे वजन साधारण साडेपाच किलो आहे. बाजारातले स्वस्त, ओतीव 17 इंची चाक आठ-नऊ किलोंचे असणे नेहमीचे. म्हणजे गाडी हलकी करायला निघालेला माणूस चार चाकांत मिळून दहा-बारा किलो वाढवून घरी येतो.

इथे पूर्वपक्षी दुसरे शस्त्र काढतो: ‘फिरते वजन दहापट भारी, म्हणून हलक्या चाकांनी गाडी विलक्षण पळते.’ हा दहाचा आकडा कुठून आला कोण जाणे. भौतिकशास्त्रातून तर नक्कीच नाही. घरंगळणाऱ्या चाकाचे सगळे वजन टायरच्या अगदी बाहेरच्या कडेवर आहे असे धरले, तरी फिरण्याची ऊर्जा पुढे सरकण्याच्या ऊर्जेइतकीच भरते. म्हणजे वेग घेताना ते वजन जास्तीत जास्त दुप्पट वाटेल. रिम त्या कडेच्या बरीच आत असते, तेव्हा खरा गुणक दोनपेक्षाही कमी. हलक्या चाकाचा खरा फायदा दुसरीकडे आहे. स्प्रिंगच्या खालचे वजन घटले की उंचवट्यावरून जाताना टायर रस्त्याला चिकटून राहतो. पण ज्याने चाक जड केले, त्याने हाच फायदा घालवला.

शिवाय व्यासाचा हिशेब राहतोच. 185/60 टायरसह मूळ चाकाचा व्यास 578 मिलिमीटर होतो, 205/40चा टायर घातलेल्या 17 इंची चाकाचा 596. हा तीन टक्क्यांचा फरक सगळ्या गिअरांत मुरतो. त्या-त्या गिअरमध्ये चाकापाशी मिळणारा जोर तेवढा घटतो आणि स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा तेवढा कमी वेग दाखवू लागतो. पहिल्या 1600 सीसी इंजिनाकडे उधळायला फारसा जोर नव्हताच. साइडवॉलची उंचीही 111 मिलिमीटरवरून 82वर येते, आणि खड्ड्याचा दणका थेट रिमला बसतो.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ऑफसेट. चाकाच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारी त्याची पाठ यांतले हे अंतर मूळ चाकात 45 मिलिमीटर आहे. मडगार्डच्या कडेपर्यंत चाक भरलेले दिसावे म्हणून लोक 20 ऑफसेटची, 8 इंच रुंद चाके घालतात. मग चाकाची बाहेरची कड जवळजवळ 57 मिलिमीटर बाहेर येते आणि मडगार्डची कड आतून वळवून घ्यावी लागते. पत्र्याचे काम एकवेळ सोसता येईल. पण पुढचे चाक ज्या अक्षाभोवती वळते, तो जमिनीला जिथे भिडतो त्या बिंदूपासून टायरची मध्यरेषा 25 मिलिमीटर बाहेर सरकते. एका चाकाखाली ओला पट्टा आणि दुसऱ्याखाली कोरडा, अशात ब्रेक लावला की स्टिअरिंग हाताला झटका देते. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या सुरुवातीच्या गाड्यांत तो जास्तच जाणवतो. बेअरिंगवरचा ताणही वाढतो. ‘दोन्ही चाकांतले अंतर वाढल्याने वळणावर वजन कमी सरकते’ हे उत्तर खरे आहे, पण त्या लाभासाठी एवढी किंमत मोजायची गरज नाही. चाक बाहेर आणायला हब आणि चाकाच्या मधे स्पेसरची चकती घालणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू.

मग मूळचेच चाक धरून बसावे का? तसेही नाही. 14 इंची चांगले टायर आता मोजकेच मिळतात. 15 इंची चाकावर 195/50चा टायर घेतला तर व्यास 576 मिलिमीटर, म्हणजे मूळच्याइतकाच. अमेरिकेत एमएक्स-5ला मियाटा म्हणतात; तिथल्या स्पेक मियाटा या तिच्याच शर्यतवर्गात, जिथे सेकंदाच्या शतांशासाठी भांडणे होतात, चाक 15 इंची आणि 7 इंच रुंद असते. रेझ या चाके बनवणाऱ्या कंपनीच्या ज्या टीई37 चाकाच्या नकला जगभर विकल्या जातात, त्याच्या नावातला 37 हा 15 इंची, 6 इंच रुंद घडीव चाकाच्या 3.7 किलो वजनावरून आला. आदर्श म्हणून मिरवलेले चाकही मुळात 15 इंचीच!

बसवण्याचे दोन शब्द. बोल्टचे वर्तुळ 4 बाय 100 आहे. 4 बाय 98चे चाक ‘बसते’ म्हणणाऱ्याचे ऐकू नका, त्यात नट तिरके आवळले जातात. हबचा व्यास 54.1 मिलिमीटर. चाकाचे भोक मोठे असेल तर मधे कडे घाला, मात्र ते केवळ चाक मध्यावर आणते. भार पेलते ती नटांची पकड, म्हणून नट चाकाच्या बैठकीला जुळणारे, शंकूच्या आकाराचेच हवेत.

माझा निकाल असा: या गाडीला 17 इंची चाक नको. 15 इंची घ्या, रुंदी 7 इंचांच्या आत, ऑफसेट 35 ते 45च्या दरम्यान. चाकावर भारक्षमता आणि जपानच्या जेडब्ल्यूएलसारखी मानकाची खूण कोरलेली आहे ना ते बघा, आणि पैसे देण्याआधी दुकानदाराला चाक काट्यावर ठेवायला सांगा.