कोरस कोणासाठी?

जर्मनीत ऱ्हाईन नदीच्या काठी कलोन नावाचे शहर आहे. तेथे १८४२ साली केवळ पुरुषांची एक गायनमंडळी स्थापन झाली. ख्रिस्ती उपवासाच्या दिवसांआधी कलोनमध्ये कार्निव्हल भरतो. आपल्या शिमग्यासारखीच सोंगे, थट्टा आणि वाद्यांचा गजर! या मंडळीची ‘सेसिलिया वोल्केनबुर्ग’ ही नाट्यशाखा १८७४ साली निघाली. कार्निव्हलात ती संगीत प्रहसन करते आणि त्यात स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच वठवतात.

हे वाचताना मला आपले मेळे आठवले. १८९३च्या मुंबईतील दंगलीनंतर, १८९४ साली पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाला जोर आला. एकसारखा पोशाख केलेली मुले, तरुण पदे गात मिरवणुकीत निघू लागले. ही धाटणी आली कोठून? मोहरमच्या टोळ्यांतून! तोवर ताबुतांपुढे हिंदूही हौसेने गात, नाचत असत. पुढे मेळ्यांच्या काही पदांतून मोहरमला जाऊ नका, असा उपदेश होऊ लागला. टोळीची चाल घेतली आणि टोळीचीच संगत सोडली. मराठीत कविता लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे बोचते.

पण समूहगान कोणा एकाच्या मालकीचे राहत नाही. आंबेडकरी जलशांनी ते वस्तीवस्तीत नेले. १९४४ साली अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभारले. बार्शीच्या शेखांचा आवाज मराठी कामगारांचा आवाज झाला. उलट जर्मनीत १९३३ नंतर नाझी राजवटीत ज्यू गायकांना गायनसंघांतून बाहेर काढले गेले. कोरस तोच, माणसे मात्र वगळलेली.

आपल्या खानदेशात याचे उत्तर धुळ्याने दिले आहे. १८९५ साली जुन्या धुळ्यात मशिदीसमोर गणपतीच्या मिरवणुकीवरून तंटा झाला, इंग्रजांनी गोळीबार केला, माणसे गेली. ‘खुनी गणपती’ हे नाव तेव्हापासूनचे. आज अनंत चतुर्दशीला तीच पालखी भजन गात मशिदीपाशी येते आणि मौलवी फुले वाहून तिचे स्वागत करतात.

नाव रक्ताचे राहिले, रीत मात्र फुलांची झाली. एका सुरात गाणे तालमीने साधते. शेजाऱ्याच्या दारापाशी थांबून गाणे मनाच्या मोठेपणानेच साधते.