फुंग, युआन-चेंग

(१५ सप्टेंबर १९१९ – १५ डिसेंबर २०१९). चिनी वंशाचे अमेरिकन जैव अभियंते व आधुनिक जैवयामिकीचे प्रवर्तक.

जन्म चीनच्या जिआंग्सू प्रांतात, चांगजौ येथे. १९४८ मध्ये कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पीएच.डी. मिळवून त्यांनी तेथेच अध्यापन केले. सुरुवातीचे संशोधन वायुप्रवाहातील विमान-पंखांच्या कंपनांवर (पहा : वायुस्थितिस्थापकता). १९६६ मध्ये सॅन डिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आल्यावर ते सजीव ऊतकांकडे पूर्णपणे वळले.

त्वचा, कंडरा, आंत्रबंध ही ऊतके प्रथम सहज ताणली जातात व मग झपाट्याने ताठर होतात. ताणाच्या प्रमाणातच लांबणाऱ्या पोलादाचे नियम येथे अपुरे पडतात. फुंग यांनी हे वर्तन घातांकी समीकरणात बसविले.

धमनीवरील त्यांचे काम सर्वांत मूलगामी होय. धमनीचे आखूड कडे कापून घेतात. त्यात रक्तदाब उरलेला नसतो. तरीही त्याच्या भित्तीला एक छेद दिला, की ते आपोआप उमलते. भित्तीत अवशिष्ट प्रतिबल (बाहेरचा भार नसतानाही उरणारा अंतर्गत ताण) असल्याचा हा पुरावा. उमलण्याचा कोन मोजून ऊतकाची पुनर्रचना अजमावता येते. प्राणवायू कमी असलेल्या हवेत ठेवलेल्या उंदरांच्या फुप्फुस-धमन्यांत हा कोन बदललेला आढळला. वाढ ही प्रतिबलावर अवलंबून असते, हे त्यांचे सूत्र यावर उभे आहे (पहा : यामिकी-जीवविज्ञान).

‘ऊतक अभियांत्रिकी’ ही संज्ञा त्यांनी १९८५ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनकडे पाठविलेल्या प्रस्तावात वापरली (पहा : ऊतक पुनर्जनन). बायोमेकॅनिक्स (१९८१) हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक (२०००) व रस पारितोषिक (२००७) मिळाले.