अपूर्णाची अचूक नक्कल

ध्वनिमुद्रित भाषासामग्रीच्या जतनात अलीकडे एक पद्धत रूढ होऊ पाहत आहे. क्षेत्रकार्यातून हाती आलेली मुद्रणे एमपी-थ्री ह्या संक्षिप्त रूपात असतील, तर ती वेव्ह किंवा फ्लॅक ह्या काहीही न गाळणाऱ्या, व्यवहारात ज्यांना ‘लॉसलेस’ म्हणतात अशा, रूपांत उतरवावयाची आणि त्या नव्या प्रतीलाच जतन-प्रत मानावयाचे. रूप अक्षत झाले म्हणजे आशयही अक्षत होतो, असा काहीसा समज ह्या व्यवहाराच्या मुळाशी दिसतो. तो कितपत खरा, हे ठरविण्यासाठी दोन्ही रूपांचा इतिहास पाहावा लागतो. आणि तो इतिहास भाषाभ्यासकांना परका नाही, कारण त्याचा पुष्कळसा भाग मानवी वाणीच्या अभ्यासातूनच घडला आहे.

बोलण्याच्या ध्वनिलहरीत प्रत्येक क्षणाचे मूल्य त्याच्या आधीच्या काही मूल्यांवरून बऱ्याच अंशी वर्तविता येते. ह्या रेषीय पूर्वानुमानाचा वाणीसाठी उपयोग जपानात फुमितादा इताकुरा आणि शुझो साइतो ह्यांनी १९६६ च्या सुमारास केला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जवळजवळ त्याच काळात बिष्णू अटल त्याच मार्गाने निघाले होते. अटल ह्यांचे शिक्षण लखनौ व बंगळूर येथे झाले होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. अनुमान आणि प्रत्यक्ष ह्यांत उरणारी तफावत जशीच्या तशी नोंदविली, तर मूळ लहर पुन्हा बिनचूक उभी करता येते. लहान तफावती थोड्या जागेत लिहिण्याची रीत रॉबर्ट राइस ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या अवकाशसंशोधनासाठी सिद्ध केली होती. ह्या दोन्हींच्या आधारे केंब्रिज येथील टोनी रॉबिन्सन ह्यांनी ‘शॉर्टन’ ही आज्ञावली रचली. तिच्यावरील अहवाल १९९४ चा आहे. रॉबिन्सन हे यंत्राकरवी वाणी ओळखण्याच्या शास्त्राचे संशोधक होते, आणि अमेरिकेत वितरित झालेल्या वाणीसंग्रहांत शॉर्टनचा उपयोगही झाला. जोश कोलसन ह्यांच्या ‘फ्लॅक’ची पहिली पूर्ण आवृत्ती २००१ मध्ये निघाली, तिचे कुळ हेच.

दुसरी वाटही बेल प्रयोगशाळेतून जाते. अटल आणि मान्फ्रेड श्रोडर ह्यांनी १९७९ मध्ये असे मांडले की, तफावत ढोबळपणे लिहिली तरी चालेल, मात्र त्यातून उत्पन्न होणारा गोंगाट वाणीच्या मोठ्या आवाजाआड कानाला जाणवणार नाही अशा जागी ठेवावा. एमपी-थ्रीची घडण निराळी आहे. तेथे लहरीचे कंप्रतापट्ट्यांत विभाजन होते. तत्त्व मात्र हेच. जर्मनीतील एर्लांगेन येथे डीटर झाइट्सर ह्यांनी दूरध्वनीच्या तारेवरून संगीत पाठविण्याची कल्पना मांडली, तेव्हा ती अशक्य म्हणून पेटंट-परीक्षकाने नाकारली होती. त्यांचे शिष्य कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग ह्यांनी ती तडीस नेली आणि १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचे रूप मिळाले. सीडीवरील सेकंदाला १,४११ किलोबिटांचे काम १२८ मध्ये भागू लागले. ह्या कामात सर्वांत अधिक त्रास दिला तो वाद्यवृंदाने नव्हे. सुझान वेगा ह्या गायिकेचे ‘टॉम्स डायनर’ हे साथीविना गायिलेले गीत आरंभी अगदी विद्रूप उमटत असे, आणि ते सुधारण्यासाठी ब्रांडेनबुर्ग ह्यांनी तेच पुनःपुन्हा ऐकले. एकट्या मानवी कंठाला आड लपवावयास काही नसते; आणि क्षेत्रकार्यातील मुद्रणांत बहुधा एकटा कंठच असतो.

जे गाळले जाते ते कानाच्या दृष्टीने गौण असते. मापनाच्या दृष्टीने ते गौण असेलच असे नाही. ‘चार’मधील तालव्य च आणि ‘चाक’मधील दंततालव्य च ह्यांचा भेद मुख्यतः घर्षणाच्या उंच कंप्रतांत असतो, आणि प्रमाण अपुरे पडले की पुष्कळ संकेतक प्रथम ह्याच भागावर कात्री चालवितात. स्पर्शवर्णांची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. एमपी-थ्री ५७६ नमुन्यांच्या, म्हणजे सुमारे १३ मिलिसेकंदांच्या, तुकड्यांनी काम करते. त, क ह्यांचा स्फोट ह्याहून आखूड असू शकतो. त्याच्याभोवतीचा गोंगाट मग स्फोटाच्या आधीच्या शांततेत मागे पसरतो. आखूड तुकड्यांची सोय मानकात आहे, पण कमी प्रमाणात ती पुरी पडत नाही.

अशी फाइल फ्लॅकमध्ये उतरविल्याने गळालेले काहीच परत येत नाही. तासाभराच्या १२८ किलोबिटांच्या मुद्रणाचे ५७.६ मेगाबाइट उलगडल्यावर ६३५ होतात आणि फ्लॅकने त्यांतील काही पुन्हा वाचविले, तरी वाढ मोठीच राहते. फ्लॅक आपल्या शीर्षभागी ध्वनीची एक अंकमुद्रा ठेवते; ती साक्ष देते ती अपूर्णाच्या अचूकपणाची. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अन्य प्रतींच्या आधारे. येथे दुसरी प्रतच नसते.

तरीही उलगडण्याची पद्धत सर्वथा त्याज्य म्हणता येत नाही. संपादन करून पुन्हा एमपी-थ्रीत जतन केले की प्रत्येक वेळी नवी हानी होते. अक्षत प्रतीवर काम केल्यास ती टळते. शिवाय संकेतक आरंभी काही मिलिसेकंदांची भर घालतो आणि ती वेगवेगळी यंत्रे वेगवेगळ्या रीतीने हाताळतात. त्यामुळे वेळेनुसार बांधलेले लिप्यंतर सरकते. एकदाच उलगडलेली प्रत हा घोळ मिटविते. मिनिडिस्कच्या बाबतीत तर गत्यंतरच नाही. १९९२ मध्ये आलेल्या ह्या तबकडीवर ध्वनीच्या माहितीचा सुमारे पाचवा हिस्साच राही, बहुतेक यंत्रांतून मूळ फाइल काढता येत नसे, आणि सोनीने कोऱ्या तबकड्यांचे उत्पादनही २०२५ च्या फेब्रुवारीत थांबविले. उलट एमपी-थ्रीवरील पेटंटे २०१७ पर्यंत संपुष्टात आली व उलगडण्याची विद्या सर्वांना मोकळी आहे. म्हणून तेथे मूळ फाइल टाकून देण्यास कोणतेही कारण नाही; नवी प्रत तिच्या शेजारी असावी, तिच्या जागी नव्हे.

खरा धोका नोंदीचा आहे. मूळ फाइल गेली आणि सूचीत केवळ ‘फ्लॅक’ एवढेच राहिले, तर पन्नास वर्षांनी एखादा संशोधक त्या प्रतीतील दंततालव्य च मोजील, वरचा भाग रिकामा पाहील आणि तो बोलीचा विशेष म्हणून नोंदवील. युरोपीय प्रक्षेपण संघाने प्रक्षेपणासाठी सिद्ध केलेल्या वेव्ह-रूपात संकेतनाच्या इतिहासासाठी स्वतंत्र रकाना आहे. ध्वनी कोणत्या रूपातून, किती किलोबिटांतून आला ते तेथे ओळीने लिहावयाचे असते. फ्लॅकमध्येही असा मजकूर टीपेच्या रूपाने घालता येतो. रूपांतराची बहुतेक साधने हा रकाना आपण होऊन भरीत नाहीत.